शेराच्या डोक्यात किलो

अकरा हंगाम मी यवतमाळच्या एका जिनात मापारी होतो. कापसाची गाठ काट्यावर चढली की मी दांडीकडे पाहून मण-शेर तोंडानं सांगायचो, आणि मुनीम मागाहून तेच कागदावर मांडायचा. दोघांचं जुळलं नाही तर मुनीम आपला कागद पुन्हा तपासायचा. माझी शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण पावकी, निमकी, पाऊणकीपासून औटकीपर्यंतचे सगळे पाढे पाठ होते. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. तो ज्याला येतो त्याला दुनियेत काही अडत नाही, असं आमचे गुरुजी म्हणत. मी ते जरा जास्तच मनावर घेतलं होतं.

आम्ही नवराबायको नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो, त्यानंतरच्या तिसऱ्या हंगामात जिनातली गाठींची थप्पी घसरली. वरची गाठ माझ्या उजव्या गुडघ्यावर आली. ती पावणेपाच मणांची होती. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण अर्ध्या तासापूर्वी मीच ती मोजली होती.

चार महिने दवाखान्यात काढले. पाय राहिला, पण गुडघा वाकेनासा झाला आणि दिवसभर उभं राहायचं काम संपलं. मालक एकदा मोसंब्या घेऊन भेटायला आले. खाटेजवळ उभे राहून म्हणाले, "डोकं शाबूत आहे ना? मग झालं तर!" अकरा वर्षांत माझ्या डोक्याची चौकशी त्यांनी पहिल्यांदाच केली. पुढच्याच आठवड्यात काट्यावर दुसरा माणूस उभा राहिला.

काठी घेऊन मी गावी आलो. आमचं गाव बाभुळगावजवळचं, लहानसं. जो तो येऊन एकच सांगायचा, "आता आराम करा." आयुष्यात एक दिवस ज्यांनी आराम केला नव्हता, ते सगळे या विषयातले जाणकार निघाले. बायको सकाळीच निंदायला नाहीतर कापूस वेचायला जायची आणि मी ओट्यावर आराम करायचो. पहिला महिना झोपेत गेला. दुसरा महिना रस्त्यानं जाणाऱ्यांना सल्ले देण्यात गेला. मग त्यांनी रस्ता बदलला.

तिसऱ्या महिन्यात शेजारचा म्हातारा बैलगाडी थांबवून म्हणाला, "भाऊ, साडेतीन मणाचे शेर किती होते गा?"

मणाचे शेर चाळीस, म्हणजे चाळीस औटे. पोरसवदा असताना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. मी तोंड उघडलं आणि आत काहीच सापडेना. "एकशेतीस," असं मी ठोकून दिलं. म्हातारा गाडी हाकून गेला. थोड्या वेळानं परत आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "एकशेचाळीस होते ना?" तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं माझी कीव केली.

त्या दिवशी मी खरंच घाबरलो. पाय गेल्याचं दुःख होतं, पण भीती वाटली नव्हती. आता वाटलं, गाठ गुडघ्यावर पडली खरी, पण दबलं दुसरंच काहीतरी. मी चाळिशीलाही पोचलो नव्हतो. पुढची तीस वर्षं ओट्यावर बसून माशा हाकायच्या आणि त्याही किती ते मोजता येऊ नये?

उपाय पुष्कळ निघाले. न्हाव्यानं ब्राह्मीचं तेल सांगितलं. ते लावून डोकं थंड झालं आणि उशी खराब झाली. कोणी बदाम सांगितले. ते बाजारात लांबूनच पाहिले. आत्यानं नवस बोलायला सांगितलं, पण नवस-सायास आम्ही नागपुरातच सोडून आलो होतो. बायकोनं सांगितलं ते सगळ्यात साधं होतं. तिनं सुपात तुरीची डाळ ओतून ते माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "खडे निवडा."

"मी मापारी हाय."

"म्हून तर म्हणून राह्यली. खडे मोजून ठेवजा."

खडे मी निवडले, मात्र माझा खरा उपाय मीच शोधला. रोज उजाडताच ओट्यावर बसून सगळे पाढे मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली. पाणी भरायला जाणाऱ्या बायांना वाटलं, मी नवीन बुद्धवंदना पाठ करतोय. दोघीतिघींनी थांबून हातही जोडले. तीन महिन्यांत सगळं परत आलं. सोळं औटे छप्पन म्हणताना जीभ अडेनाशी झाली. शेजारच्या म्हाताऱ्याला मी मुद्दाम बोलावून पाच हिशेब विचारायला लावले आणि पाचही बिनचूक सांगितले. म्हातारा म्हणाला, "वा!" आणि लगेच पुढचं बोलला, "पण आता शेर बंद होऊन राह्यला म्हणते. बाजारात सरकारी माणूस आल्ता. किलो येते."

मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. पुढच्या आठवडी बाजारात काठी टेकत स्वतः गेलो. खरंच, दुकानांत नवी लोखंडी मापं आली होती, सरकारी शिक्का मारलेली. मण नाही, शेर नाही, छटाक नाही. दहाच्या पटीत सगळं. पाव, पाऊण, औट यांची कोणाला गरजच उरली नव्हती. तीन महिने घासून मी हत्यार लखलखीत केलं आणि सरकारनं लढाईच रद्द केली.

मी किलोवर बहिष्कार घातला. बहिष्काराचा परिणाम घरापुरताच झाला.

त्याच सुमारास वस्तीत ग्रामसेविका यायला लागली. विहाराच्या टिनाच्या छपराखाली सांजेला बायांचा वर्ग भरायचा. माझ्या बायकोला वंदना स्वतः वाचायची होती, म्हणून ती जाऊ लागली. महिन्याभरात अक्षरं लावायला शिकली, आणि वरून किलोही शिकली. एका बाजाराहून आली आणि थैली ठेवत म्हणाली, "पाच किलो जवारी आणली."

"म्हणजे पाच शेर आणि सहाक छटाक," मी म्हणालो. पण हे सांगेस्तोवर तिनं चूल पेटवून भाकरीचं पीठ भिजवलं होतं.

"इतकं डोकं कायले शिणवता जी? दहा-दहाचंच तर हाय. लय सोपं."

"सोपं हाय तेच तर वाईट हाय. डोक्याले कामच नाही."

"मंग तुमच्या डोक्याले येत काहून नाही?"

 दुसऱ्या दिवशी मी त्या ग्रामसेविकेला जाब विचारायला विहारात गेलो. ती अमरावतीकडची, विशी-बाविशीची मुलगी होती. मी दारातूनच म्हणालो, "बाई, तुम्ही बायकांची डोकी आळशी करता." तिनं खडू खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "भाऊ, एका मणाचे किलो किती?"

मी बोटं मोजायला लागलो.

"सदतीस किलो, तीनशे वीस ग्रॅम," मागच्या रांगेतून माझी बायको म्हणाली. सगळ्या बाया हसल्या. ग्रामसेविका हसली नाही. "बसा ना भाऊ," एवढंच म्हणाली. पाय लांब करून बसायला एका भिंतीशीच जागा होती, बायांच्या मागे. मी बसलो. उठून गेलो असतो तर ते आणखी वाईट दिसलं असतं.

असा मी बायांच्या वर्गाचा विद्यार्थी झालो. पहिले काही दिवस लाजेनं मान वर झाली नाही. मग माझ्या लक्षात आलं की, म्हाताऱ्या बायांचा किलोवर काडीचाही विश्वास नाही. ग्रामसेविका हजार ग्रॅमचा एक किलो सांगायची आणि त्या मान डोलवायच्या, पण बाजारात दुकानदारानं तोलून दिलं की त्यांना फसल्यासारखंच वाटायचं. एक दिवस मी मागून म्हणालो, "माय, किलो म्हणजे तुझा शेर आणि वर एक मोठा छटाक. तुले जास्तच भेटते." म्हातारी वळून म्हणाली, "असं सांग ना बाप्पा! हे कोणी बोललंच नाही." ग्रामसेविकेनं ते आपल्या वहीत लिहून घेतलं.

तेव्हापासून ती मला पुढं बोलवायला लागली. मणाचे किलो, किलोचे शेर, पायलीचं वजन, असे हिशेब मी उलटसुलट करायला लागलो. यात औटकीही लागायची आणि दहाचा हिशेबही. रात्री अंथरुणातही हिशेब चालायचे आणि झोप दुपारी काढावी लागे, इतकं डोकं चालायला लागलं. बायको मला वाचनात मागे टाकत होती. रद्दीचा कागद दिसला की ती आधी उचलायची. तिला गाठण्यासाठी मीही वाचायला लागलो. गुळाच्या पुड्यांवरून आम्ही दोघांनी अर्ध्या जगाची खबर घेतली. फक्त कोणत्याच बातमीचा शेवट हाती लागला नाही.

दोन वर्षांनी ग्रामसेविकेची बदली झाली. जाताना वर्ग तिनं माझ्या बायकोवर सोपवला. हजेरी बायको घ्यायची. माझं नाव शेवटी पुकारायची आणि मी "हाजर" म्हणेपर्यंत वही मिटायची नाही.

एकदा जिल्ह्याहून साहेब वर्ग पाहायला आले. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि त्यांची नजर भिंतीशी पाय पसरून बसलेल्या माझ्यावर थांबली. "पुरुषसुद्धा? छान, छान. बाबा, तीन मण कापूस म्हणजे किती किलो?"

"एकशेबारा किलोला चाळीस ग्रॅम कमी," मी लगेच सांगितलं.

साहेबांनी खिशातून कोष्टक काढलं, बराच वेळ पाहिलं, पुन्हा घडी करून ठेवलं. उत्तर बरोबर होतं की त्यांना तीन मणांची ओळ सापडली नाही, हे कळलं नाही. ते म्हणाले, "शाब्बास! शिकायला वयाची अडचण नसते, हे या बाबांकडून घ्या." मी तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होतो आणि साहेब पन्नाशीचे दिसत होते.

मग प्रमाणपत्रं वाटली. माझंही नाव पुकारलं. कागदावर लिहिलं होतं की हा इसम निरक्षर होता आणि आता साक्षर झाला आहे. मी म्हणणार होतो की साहेब, मी चौथी पास आहे, अकरा वर्षं जिनात... पण प्रमाणपत्र द्यायला साहेबांनी माझ्या बायकोलाच पुढं केलं होतं. ती माझ्यासमोर उभी होती, पदर नीट खोचून, चेहरा एकदम कडक.

"दोन्ही हात पुढे करा," ती म्हणाली.

मी काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात पुढे केले.