जित्या माणसाचा फोटो

मारुतीअण्णा समोरच्या माणसाकडे आधी बघतच नसत. त्याच्या सावलीकडे बघत. औरादच्या बाजारात कुणी हाक मारली, तर पहिलं उत्तर यायचं, "इकडं सर, ऊन डोळ्यात जायलंय." तो बिचारा भाजीची पिशवी सावरत सरके आणि मग कुठे गप्पा सुरू होत. त्या काळी आमच्या बाजूला कॅमेरा असलेले ते एकटेच.

त्यांना बोलावणं येई ते बहुतेक मयताच्या घरून. जिवंतपणी फोटोची कुणाला आठवण होत नसे. माणूस गेला की धावाधाव. मयताला भिंतीला टेकवून बसवायचं, गळ्यात हार, शेजारी बायकापोरं. घरात अंधार. अण्णा कॅमेरा तिवईवर लावत, भिंग पूर्ण उघडत आणि शटरही बराच वेळ उघडं ठेवत. तेवढ्यात रडणारे हलत. फोटोत मेलेला स्वच्छ यायचा अन् जिवंत माणसं पुसट. "अक्का, जरा दम धर. फोटो निघू दे, मंग रड," हे सांगून सांगून अण्णा थकले होते. "मला न्हाई व्हत आता," म्हणायचे आणि निरोप आला की पिशवी उचलायचे.

या कामामुळे म्हातारी माणसं त्यांना टरकून असत. "लिंबाखाली या, मऊ उजेड हाय," असं अण्णांनी म्हटलं की पागोटं सावरत पळ काढत. माझे वडील, अप्पा, तर तोंडावर विचारत, "कामून? मी काय मेलोय का?"

पुढे अप्पांनी अंथरूण धरलं. बीदरच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हा मला फोटोची आठवण झाली. अप्पांचा एकही फोटो नव्हता. मी अण्णांना घेऊन आले तेव्हा ऊन टळटळीत होतं.

"आलास व्हय? अजून जीव हाय बाबा," अप्पा म्हणाले.

"म्हणूनच आलो."

अप्पांना अंगणात बसायचं होतं. अण्णांनी मान हलवली. "ऊन डोक्यावर हाय. डोळ्याच्या खोबण्या काळ्या पडतेत. सांजच्याला काढू."

"सांज कुणी बघितली?"

अण्णांनी बाज दाराशी ओढली, उन्हात नाही, उंबऱ्याच्या आत. चेहऱ्याची एक बाजू अंधारात जात होती, तिकडे उजेड परतावा म्हणून आईला पांढरं धोतर धरून उभं केलं. "अप्पा, दम धरा," म्हणाले आणि अप्पांना खोकल्याची उबळ आली. फोटो हलला. दुसराही हलला.

"जाऊ द्या. दम नका धरू, बोला कायबी," म्हणत अण्णांनी शटरचा वेग वाढवला. "फोटो जरा काळा यील. येऊ द्या."

"पैले म्हन्तो दम धर, मंग म्हन्तो बोल! येडा हाईस का रे?" अप्पा उखडले आणि स्वतःच हसले. अण्णांनी तेवढ्यात खटका दाबला.

अप्पा गेले त्या सकाळी अण्णा आले ते रिकाम्या हातांनी. कुणीतरी कुजबुजलं, "कॅमेरा न्हाई आणला?"

"काढलाय की त्यांचा, जिता," अण्णा म्हणाले आणि भिंतीशी बसले. मयताच्या घरात त्यांना इतकं बिनकामाचं मी कधी पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं ते आईकडे वळून, जणू माफी मागावी तसं म्हणाले, "अक्का, आजवर कॅमेऱ्यामागं व्हतो, म्हणून निभलं." आणि उपरण्यात तोंड घालून रडू लागले. आईनं त्यांना अडवलं नाही.