साच्यातली दोन बोटं

ताज्या कापलेल्या सागाच्या पातळ पट्ट्यांना एक गोडसर, किंचित तेलकट वास असतो. त्यांवर सरस फिरवला की तोच वास तिखट होऊन डोळ्यांत उतरतो. धारवाडजवळच्या बेलूर औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये दुपारचं ऊन पत्र्याच्या फटींतून तिरपं येतं, त्यात लाकडाचा भुसा तरंगत राहतो, आणि माझी चिडचिड बहुधा त्याच सुमारास सुरू होते. यंदा माघात ती जरा अधिकच झाली, कारण बंगळूरच्या एका मोठ्या दुकानाला माझ्या फर्निचरचा इतिहास हवा होता. तोही एका पानात. ‘थरांची कहाणी’ हे शीर्षकसुद्धा त्यांनीच सुचवलं होतं, आणि ते वाचूनच माझं डोकं फिरलं होतं.

मी हुबळीच्या कापडवाल्यांची मुलगी. पणजोबा मिरजेहून इकडे आले, त्यांनी बाजारात दुकान मांडलं. लाकडाशी आमचा संबंध गजाच्या पट्टीपुरता. मी अहमदाबादेहून फर्निचरचं डिझाइन शिकून परतले तेव्हा अप्पांनी, माझ्या वडिलांनी, शांतपणे विचारलं होतं, ‘खुर्ची काढायला शिकावं लागतं?’ पुढे वीस-बावीस वर्षं मी सगळ्या जगाला तेच समजावत आले. आमचं लॅमिनेटेड लाकूड म्हणजे वर चमकदार कागद चिकटवलेलं नव्हे. सागाच्या दोन-दोन मिलिमीटरच्या पट्ट्या एकीवर एक चिकटवायच्या, सरस ओला असतानाच साच्यावर वाकवून शिकंज्यात आवळायच्या, आणि वाळल्यावर सोडवल्या की तो बाक लाकडाचा स्वभावच होऊन बसतो. ऐकणारा मान डोलावतो आणि विचारतो, ‘म्हणजे प्लायवुडच ना?’

या सगळ्या काळात माझ्यासोबत होते मौनप्पा. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, पिढीजात सुतार, आणि नावाप्रमाणे वागण्याचा जणू विडा उचललेले. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि विचारलं तर निम्मंच बोलायचं. आमच्या ‘कमान’ मालिकेची पहिली खुर्ची त्यांनीच चिकटवली. त्या वर्षी धारवाडची आषाढातली भुरभुर महिनाभर थांबली नाही. लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं, आणि गिऱ्हाइकांच्या दिवाणखान्यांत माझ्या खुर्च्या एकेका पट्टीनं उकलत गेल्या. टेम्पोतून परत आलेल्या त्या खुर्च्या मौनप्पांनी एकेक करून उतरवून घेतल्या. अप्पा मात्र दर गुरुवारी, दुकान बंद असे त्या दिवशी, शेडमध्ये येत आणि न उकललेल्या एकुलत्या एका खुर्चीत तास-तासभर बसून राहत. कौतुकाचा एक शब्द त्यांनी कधी काढला नाही. पण त्या बसण्यालाच मी त्यांचं कौतुक मानत आले.

तर बंगळूरच्या त्या दुकानाला इतिहासासोबत मूळ आरेखनाचं छायाचित्रही हवं होतं. मी नळकांड्यातून तो पिवळा पडलेला कागद काढला, माळ्यावरचा पहिला साचा उतरवून घेतला आणि दोन्ही शेजारी मांडले, तर रेषा जुळेना. बैठकीची मागची बाजू साच्यात माझ्या रेषेपेक्षा दोन बोटं वर होती. मग मी नंतरचे सगळे साचे तपासले. सगळीकडे तीच दोन बोटं. साच्यातून सोडवल्यावर लाकूड किंचित उघडतं, त्याचा हिशोब मी रेखाटतानाच कसा केला होता, आणि म्हणून ही बैठक इतकी सुखाची कशी झाली, हे मी वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं रंगवून सांगितलं होतं.

“मौनप्पा, हा साचा कुणी बदलला?”

त्यांनी रंधा थांबवला नाही. “मीच, अक्का.”

“कधी?”

“पैल्याच वर्षी. तुम्ही प्रदर्शनाला गेला होता बघा, तेव्हा.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“सांगितलं असतं तर करू दिलं असतं का तुम्ही?”

नसतंच दिलं. म्हणून तर मी अधिकच चिडले. एवढी वर्षं मला वेड्यात काढलंत, असं काहीबाही मी बोलले. शेडमधलं काम थांबलं. तेव्हा मौनप्पांनी रंधा बाजूला ठेवला आणि त्यांच्या मानानं खूपच लांबलचक असं ते बोलले.

“अप्पांना त्यातनं उठता येत न्हवतं, अक्का. मागं कलंडलेली बैठक, गुडघे दुखायचे त्यांचे. बसले की बसलेच. मग इकडं तिकडं बघायचे, कुणी बघत नाही म्हटलं की मेजाची कड धरून उठायचे. तुमच्याफुडं तर कधीच उठायचे नाहीत. चांगलं दिसंना मला. फुडच्या खुर्च्या तरी तशा नकोत म्हणून साचा मागनं उचलला.”

अप्पांना जाऊन सात वर्षं झाली. ते गुरुवार मी किती जपून ठेवले होते! त्या तासांतले किती त्यांनी प्रेमानं काढले आणि किती नुसते मी तिथून हलण्याची वाट बघण्यात, हे आता कोण सांगणार? मौनप्पांना विचारलं असतं तर निम्मंच उत्तर मिळालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलं की त्या पानावर त्यांचंही नाव घालणार आहे. “अदु हंगल्ल, अक्का,” ते म्हणाले, “तसं नसतंय ते. नाव घालायचं तर पावसात उकलल्या त्या खुर्च्यांवर पण घाला. त्या मीच चिकटवलेल्या.” या माणसाशी धड भांडताही येत नाही. मी हट्टानं दोन्ही नावं घालून पान पाठवलं. चार दिवसांत दुकानातून अत्यंत गोड आवाजात फोन आला: यातले डिझायनर नेमके कोण, तेवढं एकच नाव कळवाल का? मी अजून कळवलेलं नाही.

कळवण्याआधी मला एक गोष्ट करून बघायची होती. मी माझ्या मूळ रेषेवरून नवा साचा बनवायला सांगितला. मौनप्पांनी केसभरही फरक न करता तो बनवला. फाल्गुनातल्या एका सकाळी ती खुर्ची शिकंज्यातून बाहेर आली. घासून, तेल पिऊन ती उभी राहिली. आम्ही विकत आलो त्या सगळ्या खुर्च्यांहून ती देखणी होती, पाण्याच्या वळणासारखी एकसंध. मी बसले. पाठ आपसूक टेकली, बाहेर कुठेतरी शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाऱ्यानं वाजत होत्या, आणि अर्धा तास कसा गेला कळलं नाही.

मग उठायला गेले, आणि उठता येईना. गुडघ्यांनी साफ नकार दिला. ही रेषा मी ओढली तेव्हा तिशीही गाठली नव्हती. चूक तेव्हाच्या रेषेत होती की गुडघ्यांत नंतर साचलेल्या वर्षांत, ते मला ठरवता येईना. मी नकळत इकडे तिकडे पाहिलं. मौनप्पा समोरच उभे होते, सगळं बघत. त्यांनी हात पुढे केला. मला त्यांचा मनस्वी राग आला, आणि मी तो हात धरला.