सीपीच्या मेलचा पत्ता

आमचा सीपी, म्हणजे चंद्रप्रकाश, माझ्या डोक्यात जायचा. अंधेरीच्या ऑफिसात बारा वर्षं शेजारी बसलो, म्हणून हक्काने सांगते. कामात चोख, पण भलता चिकट, एकदा धरलेलं सोडायचा नाही.

मुलुंडच्या एका डायलिसिस सेंटरची वेबसाइट आम्ही सांभाळायचो. एकाच वेळेला दोन पेशंट नोंदले गेले की ती दुसऱ्याचं नाव गुपचूप गाळायची. सेंटरला पोचल्यावर त्या बिचाऱ्याला कळायचं. दोष मुळातून काढायला महिना लागला असता, आणि आमचा मॅनेजर हर्षद महिना देईना. मग सीपीने कोडमध्ये स्वतःचा एक इव्हेंट घातला. नाव गळलं रे गळलं की अ‍ॅप्लिकेशनने स्वतःच बोंब मारायची, अमुक पेशंटची जागा गेली. तसा मेल सेंटरला जायचा. आठवड्याभरात सेंटरवाले वैतागले, म्हणाले, ही कटकट बंद करा. हर्षद म्हणाला, काढून टाक. सीपीने काढलं नाही. मेलचा पत्ता तेवढा बदलून स्वतःचा टाकला.

तेव्हापासून रोज सकाळी दहिसरला घरी चहा घेता घेता तो मेल बघायचा आणि सेंटरला फोन करून एकेक नाव परत चढवून घ्यायचा. तीन वर्षं!

"तू प्रोग्रॅमर आहेस की वॉर्डबॉय रे?" मी चिडवायचे.

"घाटकोपरच्या कुंडलिककाकांचं नाव दर महिन्याला गळतं गं. माणूस त्या मशीनवर जगतोय."

जूनमध्ये कंपनीने सीपीला काढलं. त्याच दिवशी त्याचा ऑफिसचा मेल बंद. जाताना म्हणाला, "शीतल, एकच ओळ आहे. पत्ता तुझा टाक." मी हर्षदला विचारलं. "चालू साइटला हात लावायचा नाही. पुढच्या रिलीजला बघू." मी गप्प बसले. मलाही नोकरी टिकवायची होती ना! सीपीने सेंटरला फोन केला, तर त्यांनी "आता तुम्ही कंपनीचे कोण?" विचारून ठेवून दिला. मला तो रोज विचारायचा, "टाकलास का गं?" शेवटी मी त्याचा फोन उचलणंच सोडलं.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी कुंडलिककाका सेंटरला गेले. यादीत नाव नाही, सगळी मशिनं भरलेली. "सोमवारी या," सेंटरवाले म्हणाले. रविवारी काका गेले.

काकांच्या मुलीने सीपीला कळवलं; नाव परत चढवलं की तो तिलाही फोन करायचा, म्हणून ओळख. त्याचा फोन आला, तो मात्र मी उचलला. वाटलं, शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"लॉग बघ ना शीतल. इव्हेंट उठला होता का?"

साइटच्या नोंदी उघडून बघितलं. बुधवारी दुपारी, बरोब्बर. काकांचं नाव, वार, वेळ, सगळं. आणि खाली, मेल परत आला, असा पत्ता नाही.

"उठला होता रे."

तो रडायलाच लागला. "मग अजून काय करायला हवं होतं गं मी?"

तू नाही रे, मी करायला हवं होतं. एवढंसुद्धा माझ्या तोंडातून निघालं नाही. मीटिंग आहे म्हणाले आणि फोन ठेवला.