शिंप्याचा वन्समोर

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. सांगितली नाही असं मात्र नव्हे. इतकी सांगितली की आमच्या जोयडा तालुक्यात तिची म्हण झाली. टाळलं ते खरं सांगायचं.

गेल्या वैशाखात रामनगरला एका लग्नात एक पुढारी आशीर्वादाचं भाषण संपवून खाली बसले आणि कुणी न सांगता पुन्हा उठून बोलायला लागले. माझ्या शेजारी जेवत असलेले गृहस्थ म्हणाले, "झाला शिंप्याचा वन्समोर सुरू." पंगत हसली. तो शिंपी कोण, हे त्या गृहस्थांना ठाऊक नव्हतं. मला होतं. माझी जिलबी पानात तशीच राहिली, आणि या वयात पानातली जिलबी सोडणं मला परवडणारं नाही. म्हणून आता लिहून टाकतो.

मी तेव्हा कॅसलरॉक स्टेशनवर मालबाबू होतो. मूकपटांचे दिवस होते ते. गाव म्हणजे स्टेशन आणि भोवती रान. गाडी आली की गाव उठून उभं राहायचं, गेली की परत आडवं. अशा ठिकाणी माणसाला काहीतरी वेड लागतंच. आम्हाला नाटकाचं लागलं होतं, तेही एकाच. त्याचं नाव घ्यायची गरज कधी पडली नाही. नुसतं 'नाटक' म्हटलं की तेच: एक राणी, तिचा हरवलेला नवरा आणि मध्ये एक मिशाळ प्रधान. एकच नाटक कंपनी वीसेक वर्षं ते करत होती. राणीचं काम करणारा नट पन्नाशीला टेकला, राणी मात्र सोळाचीच राहिली. दुसऱ्या अंकापर्यंत तिच्या गालावर निळसर खुंट दिसू लागायचे. मग ती विरहाचं पद धरायची आणि आम्ही खुंटांसकट तिच्यासाठी रडायचो. लोंढ्याला किंवा बेळगावला कंपनीचा मुक्काम पडला की मी मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात बसून जात असे आणि तिसऱ्या दिवशी पोट बिघडल्याचा अर्ज देत असे. स्टेशनमास्तर म्हणायचे, तुमचं पोट कंपनीचं वेळापत्रक बघून बिघडतं.

आमची बैठक दुकानाच्या ओट्यावर. दुकानदार खानापूरकडचा, त्याला सगळे शेट म्हणत. रूळ बदलणारा एक पॉइंटमन होता, इथल्याच रानातला, घरी भातशेती असलेला. तो नाटकाला येऊन पहिल्या अंकात झोपायचा, पण मतं सगळी द्यायचा. आणि ओट्याच्या टोकाला शिवणाचं मशीन घेऊन बसत ते अण्णा. रेल्वेच्या माणसांचे खाकी कोट शिवणं हा त्यांचा धंदा.

अण्णांची गोष्ट अशी की ते त्याच कंपनीत होते. राणीच्या सखीचं काम करायचे. एकदा मोठ्या नटाचा घसा बसला तेव्हा पावसाळाभर राणी अण्णांनी केली. मग विषमज्वर झाला, कंपनी पुढं गेली, अण्णा मागं राहिले. शिवण कंपनीच्या कपडेपटातच शिकले होते, त्यावर पोट भरू लागले. पण संध्याकाळची गाडी गेली की मशीन थांबवून ते एखादं पद म्हणायचे, डोळे मिटून. त्या वेळी पॉइंटमनसुद्धा तंबाखू मळायचा थांबायचा.

एकदा शेट बेळगावला माल भरायला गेला आणि नाटकाचा सिनेमा बघून आला. ओट्यावर पाय ठेवायच्या आधीच सुरू झाला.

"राणी खरी बाई हाय, मालबाबू. दाढी न्हाई, काय न्हाई. रडली की खरं पाणी येतंय."

"आणि पदं?" मी विचारलं.

"तोंड हलवती की."

"तोंड माझी म्हैस पण हलवती," पॉइंटमन म्हणाला.

"मग पाटी येती. तिच्यावर लिवलेलं असतंय, आता राणी शोक करत हाय म्हणून."

"म्हंजे वाचता येत न्हाई त्यानं रडायचंच न्हाई?"

"तुला झोपायला पाटी लागती व्हय?" शेट म्हणाला. "आणि हत्ती हाय. खरा हत्ती. नाटकात काय असतंय, पडद्यामागनं कुणीतरी ओरडतंय, महाराज हत्ती आला."

"तो न दिसणारा हत्ती मी वीस वर्षं पाहतोय," मी म्हणालो. "तुमच्या खऱ्या हत्तीपेक्षा मोठा आहे तो."

हे भांडण आठवडाभर चाललं. मी नाटकाच्या बाजूचा, शेट सिनेमाच्या. पॉइंटमन ज्याच्या हातात तंबाखू त्याच्या बाजूचा. अण्णा मशीन चालवत राहत. एकदाच म्हणाले, "तोंड हलतंय म्हंजे तिला पद ठावं असंल. कुणीतरी म्हटलं पायजे तिच्यासाठी."

भाताची मळणी आटोपली आणि तो सिनेमाच आमच्याकडे आला. मालगाडीच्या दोन वाघिणी भरून तंबू, बाकं, विजेचं इंजिन आणि एक मालक. माल मीच उतरवून घेतला. मालकाकडे बाजाच्या पेटीवर साथ करणारा पेटीवाला होता, पण पडद्याशेजारी बसून पदं म्हणणारा लोंढ्यात भांडून निघून गेला होता. शेटनं मालकाला सरळ अण्णांच्या मशीनपाशी आणून उभं केलं. अण्णांनी हातातला कोट खाली न ठेवता विरहाच्या पदाच्या दोन ओळी म्हटल्या. मालक म्हणाला, "इथला खेळ नीट झाला तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं माझ्याबरोबर. बेळगाव, धारवाड, हुबळी. गाणारा कायमचा पाहिजे मला."

त्या दोन दिवसांत अण्णांना पाहिलं असतं तर तुम्हीही ओळखलं नसतं. राहिलेले सगळे कोट त्यांनी पुरे केले. स्टेशनमास्तरांच्या एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या, पण पुरे केले. मालकानं हातानं यंत्राचा दांडा फिरवून दाखवला, राणी एवढा वेळ तोंड हलवते. तेवढ्यात पद बसवायचं होतं. अण्णांनी मशीनच्या पायट्यावर ठेका धरून ते बसवलं, ताना सगळ्या काढून टाकल्या. "मी शिंपीच हाय," म्हणाले, "अंगाला बसंल तेवढंच कापायचं." आणि खेळाच्या संध्याकाळी आपली कपड्यांची पत्र्याची पेटी भरून तंबूत घेऊन आले. ती पेटी पेटीवाल्याच्या शेजारी ठेवली. ते जाणार हे सगळ्या गावाला त्या पेटीवरून कळलं.

इकडे माझी आणि शेटची पैज लागली होती. अण्णा गाणार म्हटल्यावर शेट म्हणू लागला की आता सिनेमात काही कमी नाही. मी म्हणालो, "वन्समोर आला तर? नाटकात राणी थांबते, परत म्हणते. पडद्यावरची बाई थांबेल का?" शेट म्हणाला, कुणी देणारच नाही, खेळ बिनबोभाट पार पडेल. ठरलं असं की हरेल त्यानं ओट्यावर उभं राहून सगळ्यांदेखत म्हणायचं, मला नाटकातलं काही कळत नाही. आमच्यासारख्यांना त्यापेक्षा शेत लिहून देणं सोपं.

खेळ संध्याकाळच्या गाडीनंतर सुरू झाला. मी मुद्दाम शेवटच्या बाकावर, तंबूच्या दाराशी एकटाच बसलो. बाहेर इंजिन धडधडत होतं. पॉइंटमन आणि शेट पुढं जमिनीवर.

विरहाचा प्रसंग आला. पडद्यावर राणीनं तोंड उघडलं आणि अण्णांचा आवाज निघाला. मी ते पद कितीदा ऐकलं असेल. कंपनीच्या मोठ्या नटाचंही ऐकलं. त्या दिवशीसारखं नाही. राणीचे ओठ मिटले त्याच क्षणी शेवटचा स्वर मिटला, जणू त्या बाईनंच म्हटलं. तंबूत टाळ्या पडल्या. मलाही टाळी वाजवायची होती. पण त्या टाळ्यांत मला शेटचं डोकं डुलताना दिसलं, वन्समोर कुणाच्या तोंडून येईना, आणि माझ्या लक्षात आलं की मी हरलो.

तोंडावर रुमाल धरून, आवाज बदलून, मी एकदाच ओरडलो. "वन्समोर."

टाळ्या आणि इंजिन यांच्या आवाजात पुढच्यांना ते कळलं नाही. अण्णांना कळलं. कंपनीच्या माणसाला ती हाक झोपेतही कळते. आणि कंपनीचा नियम होता की प्रेक्षकांचा वन्समोर म्हणजे मायबापाचा हुकूम. नट तो नाकारत नाही. अण्णांनी मालकाकडे पाहिलं. मालक दांडा फिरवतच होता, कारण तो थांबला तर दिव्यापुढची फीत पेट घेते. अण्णांनी डोळे मिटले आणि पद पुन्हा धरलं. या वेळी वन्समोरच्या रिवाजाप्रमाणे, सगळ्या तानांसह.

पडद्यावर तोवर प्रधान आला होता. त्यानं मिशीला पीळ भरला, तोंड उघडलं, आणि राणीचा विरह त्याच्या मिशीतून बाहेर पडू लागला. लोक हसले. अण्णांना ते हसू बहुधा दाद वाटली, कारण त्यांनी आणखी एक तान घेतली. मग हत्ती आला. खरा हत्ती, सोंड वर करून.

"नवरा हत्तीचा हरवलाय व्हय?" पॉइंटमन मोठ्यानं म्हणाला.

त्यावर तंबू हसून फुटला. मीही हसलो, पोट धरून. अण्णांनी डोळे उघडले, समोर हत्ती पाहिला आणि सूर सोडला. पुढचं प्रत्येक पद एक प्रसंग उशिरा आलं. राणी मरत होती तेव्हा अण्णा वसंतोत्सवाचं पद म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी मालक सकाळच्या गाडीनं गेला. मालाच्या कागदांवर सही मीच केली. अण्णांची पेटी फलाटावर होती. "घरची बैठक नाही ही," मालक त्यांना म्हणाला, "वाटेल तेव्हा वाटेल ते म्हणायला."

त्या संध्याकाळी ओट्यावर शेटनं विचारलं, "अण्णा, परत का धरलं ओ? झकास झाल्तं की."

"वन्समोर आला की," अण्णा म्हणाले.

"कुणी दिला? आम्ही तर न्हाई ऐकला." शेट माझ्याकडे वळला. "मालबाबू, तुम्ही मागं होता."

तेव्हा 'हो, मीच' म्हटलं असतं तर चार शिव्या खाल्ल्या असत्या आणि गोष्ट संपली असती. बेळगावला तार करून मालकाला कळवता आलं असतं. तार करणं माझ्या हातातलंच होतं. मी म्हणालो, "मी अगदी शेवटी होतो. कुणी दिला नाही."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग मशीनमध्ये दोरा ओवायला लागले. वन्समोर कुणी दिला असो वा नसो, अण्णांनी पद परत धरल्यावर सिनेमा थांबला नाही हे सगळ्यांनी पाहिलं होतं. शेट वचनाला जागला. ओट्यावर उभा राहून म्हणाला, मला नाटकातलं काही कळत नाही.

पुढं माझ्या बदल्या होत गेल्या आणि प्रत्येक स्टेशनवर मी ही गोष्ट सांगितली. कुणी मागितला नसताना स्वतःच स्वतःला वन्समोर देणारा शिंपी, मिशीतून निघणारा विरह, हत्तीचा नवरा. मी नकला चांगल्या करायचो. अण्णांच्या मिटलेल्या डोळ्यांची नक्कल तर फारच.

निवृत्त झाल्यावर कळलं की अण्णा अणशीला बहिणीच्या घरी असतात. मी मनाशी वाक्यं जुळवत गेलो. ते पडवीत वाकळ शिवत बसले होते, हातानं, जुन्या लुगड्यांची. मला ओळखलं. बहिणीनं आमसुलाचं पाणी दिलं. शेट वारला, पॉइंटमनला नातवंडं झाली, हे बोलून झालं. मी घसा साफ केला, पण तेच आधी बोलले.

"मालबाबू, एक इचारू? त्या दिशी मागनं कुणी वन्समोर दिल्ता का? मी ऐकलो असं मला वाटतंय. पण सगळी म्हणत्यात न्हाई दिला. आता मलाच वाटाय लागलंय, लई हौस होती न्हवं, माझंच मन बोललं असंल. तुम्ही मागं होता म्हणून इचारतो."

त्यांची सुई थांबली होती. मी पेला खाली ठेवला.

"फार वर्षं झाली, अण्णा," मी म्हणालो. "आठवत नाही."

"व्हय की," ते म्हणाले. "आठवलं तर सांगा." आणि पुन्हा टाका घातला.

पावसाळ्यानंतर पुन्हा जायचं मी ठरवलं. पावसाळ्यातच ते गेले. जे बोलायला मी त्या पडवीत गेलो होतो ते एवढंच होतं: अण्णा, तुम्ही बरोबर ऐकलं. आवाज माझा होता. पद इतकं चांगलं झालं की मी पैज हरत होतो, म्हणून ओरडलो, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या तोंडावर खोटं बोललो. तुमचा कान चुकला नाही आणि तुमचं मनही चुकलं नाही. मला माफ करा.