फरक नाही

सिल्व्हर पार्कात आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी तब्येतीचं विचारलं की आधी दारातल्या चपला सरळ करायच्या, मग बोलायच्या. स्तनाचा कॅन्सर हाडांत पसरला होता. तो बरा होणार नव्हता, गोळ्यांनी फक्त त्याचं पसरणं मंदावलं होतं. म्हणून स्कॅनचा रिपोर्ट आला की त्या आमच्याकडे जिलेबी घेऊन यायच्या. "काही फरक नाही. आहे तिथेच बसलाय मेला."

परवा रिपोर्ट घेऊन येताना त्या लिफ्टपाशी भेटल्या. मी विचारलं, "काय वहिनी, फरक?"

"पडलाय थोडा."

"अरे वा," मी म्हणालो, सगळ्याच आजारी माणसांना म्हणतो तसं.

त्या नुसत्या हसल्या. चपला सरळ करून आत गेल्या.

संध्याकाळ झाली तरी जिलेबी आली नाही, तेव्हा मला कळलं.