मी मागून घेतलेली नळी

माझ्या पोटात आठ दिवस जी नळी होती, ती मी स्वतः मागून घेतली होती.

याला कारण माझा मेव्हणा दत्ता. रोह्याला कंपनीत शिफ्टला जाणारा. त्याचा मूतखडा आदल्या वर्षी दुर्बिणीतून काढला आणि त्यानंतर आत घातलेल्या नळीची हकिकत त्याने प्रत्येक लग्नात ऐकवली (तीही पंगतीत!). नळी घेऊन ड्युटी केली म्हणे. माझ्या सासरी त्याचा मान एकदम वाढला.

मग माझा खडा अडकला. पेणला ऑपरेशन झालं, कंबरेखाली बधिर, तोंड मात्र चालू. डॉक्टर म्हणाले, "खडा अख्खा निघाला. सूज नाही, जखम नाही. नळीची गरज नाही."

मला धक्काच बसला. आता दत्ताला काय तोंड दाखवायचं?

"घाला डॉक्टर."

"उगाच त्रास होईल."

"मेव्हण्याला नाय झाला."

घातली.

जोह्याला आमचा गणपतींचा कारखाना. मूर्तींचे डोळे आखायचं काम माझं. श्वास रोखून, हलायचं नाही. आता एक डोळा होतो न होतो तोच मला पळावं लागे. त्यात लघवी लाल! मी हादरलो. बायको म्हणाली, आधी रंगाचे हात धुवा. धुतले. तरी लालच. गणपती आठवड्यावर आले आणि तीस मूर्ती माझ्याकडे एकाच डोळ्याने बघत होत्या. गिऱ्हाइकांना काय सांगायचं, या विचाराने माझी झोप उडाली.

दत्ता त्याची मूर्ती बघायला आला. मी काकुळतीने विचारलं, नळी घेऊन तू ड्युटी केलीस तरी कशी?

तो मूर्तीकडे बघत म्हणाला, "दाजी, मला नळी घातलीच नव्हती. नुसता खडा काढला म्हटलं तर कोन ऐकतंय? म्हणून नळी मी जोडली."

बायको मटकन खाली बसली. मला तेवढीही सोय नव्हती. मी पळालो.

दुसऱ्या दिवशी पेणला जाऊन नळी काढून घेतली आणि उरलेले तीस डोळे पूर्ण केले. दत्ताच्या बाप्पाचा एक डोळा जरा वटारलेला झाला, त्याला माझा इलाज नव्हता.

दिवाळीनंतर निडी गावच्या एका साखरपुड्यात कुणीतरी मूतखड्याचा विषय काढला. शेजारी दत्ता बसला होता. त्याच्यादेखत मी सांगितलं, "मी नको नको म्हणत होतो, डॉक्टरच ऐकेनात. शेवटी घातली नळी."