सही न झालेला डोंगर

आमच्याकडे माणूस विनाकारण धावत नाही. तो धावताना दिसला तर कुणी तरी वारलेलं असतं, गुरं सुटलेली असतात, नाही तर बस सुटत असते. त्यामुळे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी साखर काठावर आल्याचं सांगितलं आणि मी बूट घालून सकाळी रस्त्याने धावायला लागले, तेव्हा आठवडाभरात निम्म्या गावाने मला थांबवून विचारून घेतलं. ‘कितें जालें गो?’ ‘घरांत सगळीं बरीं आसात मगो?’ पाव घेऊन फिरणारा पोदेर तर शेजारून सायकल चालवत, भोंगा वाजवत यायचा आणि ‘फाटल्यान बसतां काय?’ म्हणून मागचं कॅरियर दाखवत हसायचा. नवऱ्याने एवढंच म्हटलं की घाम गाळायचाच असेल तर विहिरीचं पाणी काढ, पंप तरी वाचेल. मी पेडण्याच्या कचेरीत कारकुनी करते. दिवसभर लोकांचे प्रश्न ऐकायचेच असतात. सकाळीही तेच ऐकायची माझी तयारी नव्हती.

म्हणून मी डोंगरात शिरले. माझं सासर आणि माझं माहेर यांच्या मधोमध एक काजूचा डोंगर आहे. रस्त्याने जायचं तर कोरगावला वळसा घालून स्कूटरने जावं लागतं, पण डोंगरावरून उतरलं की थेट माझ्या आईच्या मागच्या दारात. हा डोंगर आमचा, म्हणजे माझ्या माहेरचा. लहानपणापासून मी ‘आमचो डोंगर’ म्हणत आले होते, आणि लग्न होईपर्यंत मी त्यावर धड चढलेही नव्हते. मुलींनी रानात जायचं नसे. दादा वडिलांबरोबर जायचा, आई रोजंदारीच्या बायांबरोबर जायची, आणि मी घरी राहून भात शिजवायची. डोंगर मला टोपल्यांतून माहीत होता: काजूचे बोंडू किती आले, बिया किती आल्या, ओल्या की सुक्या.

रान तुडवायची मला भीतीच वाटली असती, पण वाट तयार होती. म्हापशाकडचे काही तरुण जाड टायरांच्या सायकली घेऊन रविवारी येत. दोन-तीन वर्षांत त्यांनी डोंगरभर वीतभर रुंदीच्या वाटा पाडल्या होत्या, वळणावळणाच्या, झाडांच्या बुंध्यांना चाटून जाणाऱ्या. दिवाळी झाली की ते कोयते घेऊन पावसाळ्यात माजलेलं रान कापत आणि वाटा पुन्हा उघडत. कुणाला विचारून करत होते? दादाला म्हणे एकदा विचारलं होतं, आणि दादा म्हणाला होता, ‘करात, कोण थंय वता?’

त्या वाटांवरून धावायचे दिवस थोडेच. पावसाळ्यात जळवा, आणि काजू पिकू लागला की राखणदार हाकलतात. मधली थंडी तेवढी आपली. आमची थंडी ती काय असणार, पण पहाटे डोंगरात शाल आठवते खरी. दव इतकं पडतं की बूट आत शिरल्याबरोबर भिजतात. काजूची वाळकी पानं पायाखाली कुरकुरतात आणि उतारावर दगा देतात. पहिल्या महिन्यात मी दोनदा गुडघे फोडून घेतले. एकदा मागून ओरडा आला, ‘आंटी, बाजूक!’ आणि मी करवंदाच्या जाळीत. त्या तरुणाने सायकल टाकून मला बाहेर काढलं, माझ्या साडीचा विचार न करता— साडी नव्हतीच, मुलाची जुनी ट्रॅकपँट होती— काटे उपटून दिले आणि म्हणाला, ‘तुमी खरेंच धांवतात?’ त्याच्या तोंडावरचं आश्चर्य मला आवडलं. गावातल्या लोकांनी माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं.

हळूहळू मला डोंगर कळायला लागला. कुठल्या वळणावर माडताचं झाड आहे, कुठे उन्हाची पहिली तिरीप पडते, गवा रेडा रात्री कुठून उतरला. सायकलवाल्यांनी उड्या मारण्यासाठी दगड रचले होते. ते दगड आले कुठून म्हणून शोधत गेले तर गवतात बुडालेला दगडी गडगा सापडला. आमची हद्द. माझ्या आजोबांनी रचलेली, कुणी न बघितलेली. मी त्या गडग्याच्या कडेकडेने धावत सगळा डोंगर फिरले. मला इतका आनंद झाला होता की सांगता येत नाही. चाळिशी उलटल्यावर मला माझी मालमत्ता भेटत होती, आणि कोर्टात नव्हे, पायांनी.

एका सकाळी मी माथ्यावर पोचले. तिथे झाडं विरळ आहेत, कातळ आहे. एका बाजूला तेरेखोलची खाडी, दुसऱ्या बाजूला झाडांच्या शेंड्यांवर समुद्राची रेघ. धापा टाकत मी फोनवर फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला: ‘आमचो डोंगर!’ मग पलीकडे उतरून आईच्या मागच्या दारात गेले. आई चुलीपुढे बसली होती. घामाने भिजलेल्या मला बघून तिच्या हातातली फुंकणी तशीच राहिली. ‘खंयसून आयलंस गो? एकटंच?’ मी सांगितलं. तिने चहा दिला, पण तिला कौतुक वाटलं नाही. मला ते तेव्हा खटकलं आणि मी विसरले.

दादाचा फोन संध्याकाळी आला. डिचोलीकडे खनिज वाहणारे त्याचे ट्रक होते. खाणी बंद पडल्या तसे एकेक करून गेले, आणि तेव्हापासून तो कसला तरी धंदा ‘बघत’ असे. इतक्या वर्षांत त्याने डोंगराचं नाव काढलं नव्हतं. तो म्हणाला, ‘थंयसून दर्यो दिसता? खराच दिसता?’ मी वेडी, खुशीने सांगत बसले. कुठल्या झाडापासून जास्त चांगला दिसतो, वाट किती रुंद, जीप चढेल की नाही. चढेल, मी म्हटलं, थोडी कापली तर.

महिन्याभरात एक पांढरी गाडी पायथ्याशी उभी राहिली. मी धावत खाली येत होते. गाडीतून उतरलेल्या दोघांपैकी एकाच्या फोनवर मी माथ्यावरून काढलेला फोटो होता. नुसत्या काजूच्या डोंगराला कुणी विचारलं नसतं. रस्ता नाही, सपाट जागा नाही. पण दर्या दिसणारा, वर जायला वाट असलेला डोंगर म्हणजे बाहेरच्या लोकांना बंगले बांधायला हवा होता. मी ज्याच्यावर जीव टाकला त्याची जाहिरात मीच करून ठेवली होती, आणि तीही फुकटात.

आता आमच्या गोव्यात एक कायदा आहे, चांगला कायदा. बाप गेल्यावर अर्धं आईचं, उरलेल्यात भाऊ-बहीण सारखे वाटेकरी, आणि विकायचं तर सगळ्यांच्या सह्या, नवरा-बायकोंच्या सुद्धा. म्हणजे आई, दादा, वहिनी, मी आणि माझा नवरा. एक सही अडली की सगळं अडलं. बऱ्याच बहिणी दरवर्षी भाऊबीजेला ओवाळतात आणि कधीतरी एकदा बोलावल्यावर जाऊन सही करून येतात. मला कुणी विचारलंच नाही. दादा घरी आला तो मिठाईचा पुडा घेऊन, आणि बोलला माझ्या नवऱ्याशी. नवऱ्याने मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलं, ‘हांव करतां सय. तूय कर.’

मी नाही म्हटलं.

दादाला वाटलं मला हिस्सा वाढवून हवा. ‘कितलो जाय?’ म्हणत तो समजावायला लागला. मी म्हटलं, दादा, मला काहीच नको, फक्त तो विकू नकोस. ‘आनी कितें करूं? हार घालूं ताका?’ तो म्हणाला. मी म्हटलं, तू तो पाहिला आहेस का इतक्यात? चल माझ्याबरोबर, रविवारी, एकदा. तो हसला. दादा मनमोकळं हसतो, लहानपणी मला ते फार आवडायचं. त्या दिवशी मला त्याच्या तोंडावर पुडा फेकावासा वाटला.

मग आईने बोलावलं. मला खात्री होती की आई माझ्या बाजूची. तिचा जन्म त्या डोंगरात गेला. मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं, गडगा, माथा, खाडी. ती ऐकून घेत होती, तांदूळ निवडत. मग म्हणाली,

‘तू थंय धांवपाक वतंस. हांव वजें घेवन वतालंय. बियांच्या तेलान हातांची साल गेली, तीन वेळा पोटांत भुरगें आसतना बोंडू वेंचले. एक भुरगें थंयच गेलें. तुज्या बापायन केन्ना विचारूंक ना, तुका जमता काय म्हूण. माका तो डोंगर दोळ्यांमुखार नाका. सय कर आनी माका मेकळी कर.’

एक मूल डोंगरात गेल्याचं मला माहीत नव्हतं. घरात कुणी कधी बोललं नव्हतं. त्या क्षणी सही करायला हवी होती, असं मला माहेरच्या गावची माणसं आजही सांगतात. मला मात्र राग आला. आईचाच राग आला, अगदी मनापासून. तिला डोंगराने छळलं हे खरं, पण छळलं ते माझ्या बापाने, आणि सूड मात्र झाडांवर. शिवाय मला जन्मात पहिल्यांदा काही तरी स्वतःचं मिळालं होतं. ते मी सोडायला तयार नव्हते, तिच्यासाठीसुद्धा. मी उठले. उंबरठ्यावर म्हटलं, ‘आये, हांव सय करचंय ना.’ ती तांदूळ निवडत राहिली.

पांढरी गाडी पुन्हा आली नाही. दादाने मात्र दुसरं केलं. सह्या नसतील तर विकता येत नाही, पण बाहेरच्यांना अडवायला कुणाची सही लागत नाही. त्याने पायथ्याला साखळी लावली, पाटी लावली आणि सायकलवाल्यांना फोन करून सांगितलं की बहिणीचा वाद चालू आहे, येऊ नका. ते कशाला भांडतील? डोंगर काय एकच आहे? ते डिचोलीकडच्या रानात जायला लागले, असं कळलं. जाळीतून मला काढणाऱ्या त्या तरुणाने एकदा बाजारात ओळख दाखवली आणि म्हणाला, ‘आंटी, तुमची वाट बरी आशिल्ली.’ मी हसले. तो ‘आशिल्ली’ म्हणाला, म्हणजे होती; ‘आसा’ नव्हे.

पुढच्या पावसाळ्यात रानाने सगळं गिळलं. दिवाळी झाली, कुणी कोयते घेऊन आलं नाही. मीच एक कोयता घेतला आणि एका रविवारी साखळीवरून पाय टाकला. मी वाटेकरीण, मला कोण अडवणार? दिवसभर कापून जेमतेम पहिल्या वळणापर्यंत पोचले. हातांना फोड आले. दुसऱ्या रविवारी तेवढंच आणखी. डिसेंबर संपता संपता मला एक तुटका तुकडा मिळाला, त्यावरून मी पुढे-मागे धावत असे, पिंजऱ्यातल्यासारखी. माथा लांबच राहिला. आईच्या मागच्या दारापर्यंतची वाट तर कुठे होती तेही ओळखू येईना. नवरा घरी बोलत होता तेवढंच, म्हणजे मीठ दे, कपडे काढ. मी डोंगर वाचवला होता, आणि तो वाचल्यावर मला आत घ्यायला तयार नव्हता.

पौषात आमच्याकडे धालो असतात. माहेरच्या वाड्याच्या मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या अंगणात, बायका जमतात, दोन रांगा समोरासमोर, कमरेला हात गुंफून, एकमेकींकडे झुकत जाऊन मागे येत गातात. पुरुषांना तिथे जागा नाही. माहेरवाशिणींना आहे, आणि ती कुणी काढून घेऊ शकत नाही. आता सगळ्यांना कामावर जायचं असतं, त्यामुळे दिवेलागणीला सुरू होतात आणि जेवणवेळेला आटोपतात. मी लग्न झाल्यापासून दरवर्षी गेले आहे, आणि दरवर्षी आईच्या शेजारी उभी राहिले आहे, तिचा हात माझ्या कमरेला आणि माझा तिच्या.

त्या वर्षी जाऊ की नको असं झालं होतं. भाऊबीजेला दादाने निरोपही पाठवला नव्हता. पण धालो दादाचे नव्हते, म्हणून मी गेले. मांडावर नमस्कार केला आणि आई उभी होती त्या रांगेत शिरून तिच्याजवळ गेले. तिने माझ्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू चालत ती समोरच्या रांगेत गेली आणि वहिनीच्या शेजारी उभी राहिली. माझ्या कमरेला दुसऱ्याच कुणी तरी हात घातला आणि गाणं सुरू झालं.

जेवणवेळेपर्यंत आम्ही एकमेकींसमोर होतो. ती झुकत पुढे यायची, मी झुकत पुढे जायची, हातभर अंतर राहायचं आणि रांगा मागे यायच्या. तिचा आवाज अजून चांगला आहे. तिने एकही गाणं सोडलं नाही.

खेळ मोडल्यावर ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता ‘जेवून वच’ म्हणेल. नाही तर रागावेल तरी.

‘तुका डोंगर जाय आशिल्लो मगो?’ ती म्हणाली. ‘मेळ्ळो तुका. आतां थंयच रव.’

मग तिने वहिनीचा हात धरला आणि दोघी घराकडे गेल्या.